प्रश्न मागे घेऊ नका, ताई

पत्र (थोडक्यात) : "मी पहिल्यांदाच विधानसभेवर निवडून आले आहे, सत्ताधारी पक्षाकडून. माझ्या मतदारसंघातल्या ग्रामीण रुग्णालयाची नवी इमारत बांधून तीन वर्षं झाली. शस्त्रक्रियागृह आहे, यंत्रं आहेत, पण भूलतज्ज्ञाचं पद रिकामं, म्हणून दाराला कुलूप. अडलेल्या बाईला रात्री-अपरात्री जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या एका आशाताईनं अशा बायकांची यादी वहीत लिहून ठेवली होती, ती तिनं मला आणून दाखवली. मी तारांकित प्रश्न दिला, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं असा. तो स्वीकारला गेल्यावर मंत्र्यांच्या कार्यालयातून फोन आला की प्रश्न मागे घ्या, तुमचं काम पंधरा दिवसांत करून देतो. आमदारांना पक्षशिस्तीत ठेवणारे आमचे प्रतोद म्हणाले, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला आणता? घरच्यांना वाटतं निधी अडेल, पुढचं तिकीट जाईल. एका सहकाऱ्यानं तर पक्षाविरुद्ध बोललात तर आमदारकी जाईल असं घाबरवलं. मला सरकार पाडायचं नाही. माझा पक्षावर विश्वास आहे. मी काय करू?"

ताई,

प्रश्न मागे घेऊ नका. उत्तराच्या दिवशी सभागृहात वेळेवर पोचा, त्या आशाताईची यादी जवळ ठेवा आणि मंत्र्यांच्या उत्तरावर उपप्रश्न विचारा. तुमच्या पत्राचं उत्तर खरं तर एवढंच आहे. पण तुम्हाला घाबरवणारी माणसं परकी नाहीत, तुमच्याच माणसांनी तुम्हाला अडवलं आहे. म्हणून सविस्तर लिहिते. मी बरीच वर्षं विधिमंडळाच्या पत्रकार कक्षात बसून कामकाज लिहिलं. मुंबईची अर्थसंकल्पी अधिवेशनं पाहिली, नागपूरची हिवाळी पाहिली. तुमच्यासारखे हुशार, कळकळीचे पहिलटकर आमदार दोन-तीन अधिवेशनांत गप्प होताना पाहिले. ते गप्प होणं नेमकं अशाच एका फोनपासून सुरू होतं.

तुम्ही पत्रात तीन वेळा "आमचं सरकार" असं लिहिलं आहे. पक्षाच्या नात्यानं ते बरोबर आहे. पण तुम्ही मंत्री नाही, तेव्हा सरकारात तुम्ही नाही. तुम्ही सभागृहात आहात. राज्यघटनेच्या १६४व्या कलमात लिहिलं आहे की मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेला जबाबदार असेल. विधानसभेला, म्हणजे २८८ सदस्यांच्या सगळ्या सभागृहाला. तिथं "विरोधी पक्षाला जबाबदार" असं लिहिलेलं नाही. मंत्र्यांवर तुम्हालाही जाब देण्याचं तितकंच बंधन आहे, आणि तो जाब तुम्ही मागितलाच नाही तर त्यांनी तो द्यायचा कुणाला?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला, तेव्हा ते याच मुद्द्यावर सविस्तर बोलले होते. अध्यक्षीय पद्धतीत सरकारला स्थैर्य जास्त मिळतं, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त येते, आणि आपण स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असं त्यांनी सांगितलं. मतदार ठरावीक काळानं, निवडणुकीत, सरकारची परीक्षा घेतात. सभासद मात्र ती रोज घेतात, प्रश्नांतून, ठरावांतून, स्थगन प्रस्तावांतून, चर्चेतून. हे त्यांचं विवेचन मी अनेकदा वाचलं आहे. त्यात कुठंही त्यांनी सभासदांची सत्ताधारी आणि विरोधी अशी वाटणी केलेली नाही. ही रोजची परीक्षा फक्त विरोधकांवर सोडली तर काय होतं ते आपण पाहतोच. विरोधक बोलतात, सरकार म्हणतं हे राजकारण आहे, गोंधळ होतो, कामकाज तहकूब होतं आणि रुग्णालयाचं कुलूप तसंच राहतं. तुमच्या प्रश्नाला मात्र मंत्र्यांना "राजकारण" म्हणता येणार नाही. म्हणूनच फोन तुम्हाला आला.

आता त्या फोनबद्दल. "काम करून देतो" हे ऐकायला किती बरं वाटतं, ते मला कळतं. काम झाल्याशी मतलब, असं तुमचे कार्यकर्तेही म्हणतील. पण पंधरा दिवसांत भूलतज्ज्ञ येणार कुठून, हा साधा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. नवी भरती पंधरा दिवसांत होत नाही. म्हणजे दुसऱ्या एखाद्या रुग्णालयातला डॉक्टर उचलून आठवड्याचे दोन-तीन दिवस तुमच्याकडे लावून देतील. तुमचं दार उघडेल आणि शेजारच्या तालुक्यातलं बंद होईल. तिथल्या आमदारानं फोन केला की तोच डॉक्टर परत तिकडे. बायका मात्र दोन्हीकडच्या अडतील. मी या प्रकारच्या "झालेल्या कामां"च्या पाठपुराव्याच्या बातम्या लिहिल्या आहेत. सहा महिन्यांनी जाऊन पाहिलं की कुलूप पुन्हा जागेवर असायचं.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे, पण सांगायलाच हवी. विधानभवनाच्या लॉबीत मागे घेतलेल्या प्रश्नाला एक शब्द आहे : मिटवला. कुणी का मिटवला, कशाच्या बदल्यात मिटवला, याची कुजबुज होते आणि ती प्रामाणिक माणसालाही चिकटते. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल २००५च्या डिसेंबरात संसदेनं आपल्या ११ सदस्यांना बडतर्फ केलं होतं, १० लोकसभेचे आणि १ राज्यसभेचा. प्रश्न विचारण्याचा सौदा होतो तसा न विचारण्याचाही होऊ शकतो, हे लोकांना कळतं. तुमच्या मनात तसं काही नाही हे पत्रातच दिसतं. पण बाहेरच्या माणसाला तुमचं मन दिसत नाही, त्याला फक्त यादीतून गायब झालेला प्रश्न दिसतो.

आमदारकी जाईल ही भीती मात्र मनातून पार काढून टाका. पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीनं आली. स्वेच्छेनं पक्ष सोडणं, किंवा पक्षादेश डावलून मतदान करणं अथवा मतदानाला गैरहजर राहणं, यावर त्यात अपात्रता आहे. प्रश्नोत्तराच्या तासात मतदानच नसतं. तिथं प्रश्न विचारणं, लक्षवेधी सूचना देणं, खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवरच्या चर्चेत खात्याच्या कारभारावर टीका करणं, हे तुमचं कामच आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९२ साली किहोटो होलोहान खटल्यात हा कायदा वैध ठरवला, पण त्याच निकालात बजावलं की सदस्याच्या बोलण्याच्या स्वातंत्र्याचा त्यानं गळा घोटता कामा नये. पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती, किंवा ज्या धोरणावर पक्षानं मतं मागितली त्याच्याशी निगडित मतदानापुरतीच असावी. शिवाय कलम १९४नं सभागृहातल्या तुमच्या बोलण्याला संरक्षण दिलं आहे. एक काळजी तेवढी घ्या. कपात सूचना, म्हणजे खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा अशी सूचना, मतदानाला टाकण्याच्या फंदात पडू नका. ती मंजूर झाली तर तो सरकारचा पराभव मानला जातो, आणि तुम्हाला ते करायचं नाही. मागण्यांवर बोला, सडेतोड बोला, मत सरकारला द्या. यात काहीच विसंगती नाही.

प्रतोदांच्या "चव्हाट्या"ला उत्तर म्हणून तुम्हाला फिरोज गांधींची हकीकत सांगते. ते काँग्रेसचे रायबरेलीचे खासदार. सासरे पंतप्रधान. यापेक्षा घरातलं भांडण ते काय असणार! आयुर्विमा महामंडळ नुकतंच, १९५६ साली, सरकारी झालं होतं. या महामंडळानं हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. त्या कंपन्यांची अवस्था वाईट होती आणि पैसा विमाधारकांचा होता. डिसेंबर १९५७मध्ये फिरोज गांधींनी हे प्रकरण लोकसभेत कागदपत्रांनिशी मांडलं, आपल्याच पक्षाच्या अर्थमंत्र्यांसमोर. नेहरूंनी चौकशी नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी ती उघडपणे, लोकांसमोर घेतली आणि काही आठवड्यांतच अहवाल दिला. फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

आता पुढचं लक्षात घ्या. सरकार पडलं नाही. १९६२ची निवडणूक काँग्रेसनं पुन्हा जिंकली. कृष्णम्माचारीही त्याच वर्षी मंत्रिमंडळात परत आले. चव्हाट्यावर आल्यानं पक्षाचं घर मोडलं नाही. प्रकरण बाहेर विरोधकांनी काढलं असतं आणि सत्ताधारी बाकांनी बाकं वाजवून ते दाबलं असतं, तर जास्त नुकसान झालं असतं असं माझं ठाम मत आहे.

फिरोज गांधींचं आणखी एक ऋण आम्हा पत्रकारांवर आहे. संसदेत जे बोललं गेलं त्याचा खरा वृत्तान्त छापणाऱ्या वर्तमानपत्रावर खटला होऊ नये, असा कायदा १९५६ साली झाला, तो त्यांनीच आणलेल्या खासगी विधेयकातून. आणीबाणीत तो रद्द झाला, १९७७ साली परत आला, आणि ४४व्या घटनादुरुस्तीनं राज्यांच्या विधिमंडळांच्या वृत्तान्तालाही घटनेचंच संरक्षण मिळालं. पत्रकार कक्षात मी निर्धास्त लिहीत बसायचे ते या साखळीच्या जोरावर. तिची पहिली कडी एका मागच्या बाकावरच्या, सत्ताधारी पक्षाच्या सदस्यानं घडवली होती.

तर प्रश्न विचारायचाच. पण नीट विचारायचा. तुम्ही पाठवलेली प्रत मी वाचली आणि थोडी नाराज झाले. "शस्त्रक्रियागृह बंद आहे हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत" हा सगळा ठरलेला साचा आहे, आणि त्याची उत्तरंही ठरलेली आहेत : "हे अंशतः खरे आहे", "कार्यवाही सुरू आहे", "प्रश्न उद्भवत नाही". साचा बदलता येत नसेल, तरी उपप्रश्न तुमच्या हातात आहेत. त्यात आकडा, तारीख आणि जबाबदार पद मागा. हे पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे? ते भरण्याचा प्रस्ताव आज कोणत्या विभागात पडून आहे? राज्यात किती ग्रामीण रुग्णालयांत शस्त्रक्रियागृह आहे पण भूलतज्ज्ञ नाही? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यामुळे तुमचा प्रश्न तुमच्या मतदारसंघापुरता राहत नाही आणि "ताईंचं काम करून टाका" म्हणून तो संपवता येत नाही. बोलताना भाषण करू नका. अध्यक्ष थांबवतील आणि मंत्र्यांना सुटायला वाट मिळेल. दोन वाक्यांत विचारा आणि उभ्या राहा.

मंत्र्यांनी "तीन महिन्यांत पद भरू" असं म्हटलं की अनेक आमदार धन्यवाद देऊन खाली बसतात आणि ते वाक्य तिथंच विरून जातं. तुम्ही ते वाक्य कार्यवाहीच्या वृत्तान्तातून शब्दशः उतरवून घ्या. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचं पुढे काय झालं हे तपासायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. तिच्याकडे पाठपुरावा करा. समित्यांना लोक कमी लेखतात, कारण तिथं कॅमेरे नसतात. मला तर वाटतं की खरं काम तिथंच होतं. सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीपुढे सचिवांना कागद घेऊन बसावं लागतं. महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात मांडला जातो त्या दिवशी त्याचं बाड बहुतेकांच्या बाकावरच राहतं. तुम्ही ते घरी न्या. आरोग्यावरचं प्रकरण काढून वाचा. पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात तुमच्या विषयाला किती पैसे आहेत ते पाहा. पहिल्या वेळी काही कळणार नाही. तिसऱ्या अधिवेशनापर्यंत अधिकारी तुमच्याशी बोलताना सांभाळून बोलू लागतील.

इथपर्यंत जाब विचारण्याचं झालं. पण पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे की "नुसता प्रश्न विचारून हे कायमचं सुटेल असं वाटत नाही." ही ओळ मला फार आवडली. इमारत बांधतं सार्वजनिक बांधकाम खातं, पदं मागतं आरोग्य खातं, पदनिर्मितीला मान्यता लागते वित्त विभागाची. इमारतीचं उद्घाटन होतं, कोनशिलेवर नावं लागतात आणि माणसांची फाईल मागून रखडत येते. मग सुधारणा अशी मागा की पदं मंजूर झाल्याशिवाय नव्या रुग्णालयाला प्रशासकीय मान्यताच मिळू नये, आणि रिक्त पदांची माहिती दर अधिवेशनात सभागृहापुढे ठेवली जावी. यासाठी अशासकीय ठराव, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचा ठराव, आणा. तो मंजूर होईल या आशेवर राहू नका. स्वातंत्र्यानंतर संसदेतसुद्धा खासगी सदस्यांची फक्त १४ विधेयकं कायदा झाली, आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं आहे. पण न मंजूर झालेलं विधेयकही काम करतं. मृणाल गोरे विरोधी बाकावर होत्या. गर्भलिंग चाचणीवर बंदी यावी म्हणून त्यांनी अशासकीय विधेयक आणलं. बाहेर स्त्री संघटना त्याच मागणीसाठी लढत होत्या. शेवटी १९८८ साली राज्य सरकारलाच कायदा करावा लागला, देशातला पहिला, आणि १९९४ साली केंद्रानं केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं होतं. मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली आला.

तुम्हाला जवळचं उदाहरण मात्र वि. स. पाग्यांचं आहे, कारण ते तुमच्यासारखेच सत्ताधारी पक्षाचे होते आणि विधान परिषदेच्या सभापतिपदावर बसलेले. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात लहान प्रमाणावर करून पाहिली. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर लागली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांनी व्यवसाय कर भरला. २००५ साली देशानं तसाच कायदा केला. पागे मंत्री नव्हते. त्यांनी सरकारशी भांडणही मांडलं नाही. पण कल्पना मांडली, करून पाहिली आणि कायदा होईपर्यंत सोडली नाही.

आता घरच्यांची काळजी. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमदार स्थानिक विकास निधी सगळ्या आमदारांना नियमानं मिळतो, तो कुणी सहज अडवू शकत नाही. पण मंत्र्यांच्या मर्जीतल्या इतर कामांची यादी लांबू शकते. समितीवरचं नाव गळू शकतं. पुढच्या वेळी तिकिटाच्या बैठकीत कुणी तरी हा प्रश्न काढेलही. हे होऊ शकतं हे धरूनच निर्णय घ्या. घरी सांगा की किंमत माहीत आहे. मात्र मंत्र्यांना आधी स्वतः भेटा, प्रतोदांनाही. सरळ सांगा की प्रश्न मागे घेणार नाही, उपप्रश्न काय विचारणार तेही सांगते, उत्तर तयार करून या. सभागृहात अचानक गाठून अपमान करायचा नाही, हे त्यांना कळू द्या. चांगला मंत्री असेल तर याच प्रश्नाचा आधार घेऊन तो वित्त विभागाकडून पदं मिळवेल. असे मंत्री मी पाहिले आहेत. सचिवांना "सभागृहात मला उत्तर द्यायचं आहे" असं सांगता आलं की रखडलेल्या फाईली कशा पळतात, हे त्यांनाच जास्त ठाऊक असतं.

भीती वाटते म्हणून स्वतःला कमी समजू नका. पहिल्या उपप्रश्नाला उभं राहताना हातातला कागद थरथरणारे आमदार मी वरून पाहिले आहेत, आणि त्यांतले काही पुढे उत्तम संसदपटू झाले. कागद जाड पुठ्ठ्याला लावून न्या, तेवढं पुरतं.

उत्तर आल्यावर प्रश्नोत्तरांच्या छापील यादीची एक प्रत मला पाठवा. त्याआधी एक त्या आशाताईंना नेऊन द्या, स्वतः. मंत्र्यांनी दिलेली तारीख त्यांच्या वहीत त्यांनाच लिहू द्या. ती तारीख उलटली की त्या तुमच्या दारात येतील. त्या आल्या की पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाचा मसुदा दोघींनी बसून करा.